पाण्याची पाळी आणि परदेशातली दोन वर्षं

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग लग्नसराई आली, आणि नंतर आळस. पण गेल्या महिन्यात घरात एक विषय निघाला आणि त्याने माझी झोप उडवली. म्हटलं, लिहून काढावं. लिहिल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही, ही जुनी खोड.

विषय नातीचा आहे. (घरात मला लेक, जावई, नात सगळे अण्णाच म्हणतात.) तिने इथेच बारामतीत इंजिनियरिंग केलं, आणि आता तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळतोय. एक वर्षाचा अभ्यासक्रम, सप्टेंबर २०२६ पासून. खर्च पंचवीस-तीस लाखांच्या घरात. बँक कर्ज देईल, पण तारण हवं. तारण म्हणून इंदापूर तालुक्यातली माझ्या नावावरची दोन एकर जमीन. वडिलांनी मागे ठेवलेलं तेवढंच उरलं आहे.

एका संध्याकाळी नात आणि जावई एका सल्लागाराकडून कागद घेऊन आले. त्यावर हिशेब मांडला होता : एक वर्ष शिक्षण, मग दोन वर्षं तिथे नोकरी करायची परवानगी, त्या दोन वर्षांत कर्ज वसूल, पुढे कायमचं राहणं. चार रकाने, चार ओळी. नात म्हणाली, "अण्णा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. हे बरोबर आहे का सांगा."

मी म्हटलं, "यात इतिहासाचा काय संबंध?"

पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, संबंध आहे. शिकायला परदेशी जायचं आणि शिक्षण संपलं की पुढे काय, हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्याकडे तो सव्वाशे-दीडशे वर्षं जुना आहे. मी वर्गात इतकी वर्षं या माणसांच्या गोष्टी सांगितल्या, पण त्यांना हा प्रश्न कधी विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला या प्रश्नाची थोडी भीतीच वाटत आली आहे. ती का, ते शेवटी सांगतो.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा त्यांच्याकडे व्हिसा नव्हता, कारण तशी गोष्टच नव्हती. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. 'आता इतकेच महिने राहा' असं अमेरिकेतल्या कुठल्याही कचेरीने त्यांना सांगितलं नाही. त्यांची मुदत ठरवली होती इथल्या समाजाने. जाण्याआधी सेरामपूरच्या सभेत त्यांना जाहीर सांगावं लागलं होतं की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, वय अवघं एकवीस. त्यांचा रक्षाकलश पुढे अमेरिकेत, त्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे गेला. कायद्याचं बंधन एकही नव्हतं, तरी त्यांना शिकलेलं वापरायला एक दिवसही मिळाला नाही.

दुसरे श्रीधर व्यंकटेश केतकर. १९०६ साली अमेरिकेला गेले, कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली पीएच.डी. मिळवली. तिथे असतानाच जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. मग लंडनमार्गे १९१२ मध्ये परत आले, आणि आपल्या मराठीला ज्ञानकोश मिळाला, तेवीस खंडांचा. परत येण्याचं उदाहरण म्हणून मी वर्गात नेहमी केतकरांचं नाव घ्यायचो.

तिसरं नाव आलं आणि तिथे मी थबकलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांना १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याबरोबर करार होता : शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. कोलंबियात १९१५ मध्ये एम.ए. झाले, पुढचा प्रबंध केला, १९१६ मध्ये लंडनला गेले. तिथला अभ्यास अर्धा झाला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये परतावं लागलं. कराराप्रमाणे सप्टेंबरात ते बडोद्याला हजर झाले.

पुढचं आपल्याला माहीत आहे, पण या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा वाचून बघा. कोलंबियात शिकलेला माणूस, महाराजांचा लष्करी सचिव, आणि शहरात राहायला खोली नाही. हिंदू खाणावळीत जागा नाही. पारशी नावाने एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात उभी राहिली. सामान बाहेर काढून ते बागेत झाडाखाली बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या छोट्या आत्मकथनाचं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट पाहताना... आणि ती वाट परदेशाच्या दारात पाहायची नव्हती, आपल्याच मुलखात पाहायची होती.

१९२० साली पैसे जमवून, शाहू महाराजांची मदत घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण केला, बॅरिस्टर झाले आणि डी.एस्सी.ही मिळवली.

इतकी वर्षं मी ही गोष्ट अस्पृश्यतेच्या धड्यात सांगत आलो, आणि ते योग्यच होतं. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 'शिकून परत ये' असा करार करणं सोपं आहे. परत आलेल्याला टेकायला जागा देणं ही कराराची दुसरी बाजू. ती बडोद्यात कुणी पाळली नाही. हे वाक्य पुढे मला स्वतःला लागू होणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता पलीकडच्या बाजूला काय चाललं होतं ते बघू. यजमान देश हळूहळू दारं लावत होते. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टाच प्रवेशबंद केला. त्यात हिंदुस्थान आला. विद्यार्थ्यांना मात्र सूट होती. म्हणजे शिका, पण राहायचं नाव काढू नका. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. आधी दिलेली नागरिकत्वंसुद्धा सरकार काढून घेऊ लागलं. वकील सखाराम गणेश पंडित यांनी स्वतःचा खटला लढवला, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले इंजिनियर शंकर लक्ष्मण गोखले यांच्यावरही असाच खटला झाला. तो १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गोखल्यांच्या बाजूने मिटला. नोकरी करणारा, कर भरणारा माणूस, आणि एका निकालाने त्याचे कागद रद्दी ठरू पाहत होते.

याच काळातले आपले पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचे. अमेरिकेत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत शेतीशास्त्र शिकले. गदर चळवळीत उतरले, पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत भटकले. मायदेशी परतावं तर इंग्रज सरकार तुरुंगात टाकणार. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचा स्नेही. स्वातंत्र्यानंतर ते भारतात आले आणि १९६७ साली नागपूरला वारले. विदर्भाच्या शेतकऱ्यासाठी शिकायला गेलेल्या माणसाचं उमेदीचं आयुष्य मेक्सिकोच्या शेतकऱ्याच्या कामी आलं. ते वाया गेलं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

अमेरिकेचं दार १९४६ साली किलकिलं झालं. किती? तर सगळ्या हिंदुस्थानातून वर्षाला शंभर माणसं. १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेला कोटा गेला आणि मग आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर तिकडे जाऊ लागले. इंग्लंडचं नेमकं उलटं. साम्राज्याचे आणि नंतर राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून आपल्याला तिथे राहायला मुळात आडकाठी नव्हती. ती आली १९६२ च्या कायद्याने. एक दार उघडत होतं तेव्हा दुसरं लागत होतं.

मग आताची ही 'शिक्षणानंतरची दोन वर्षं' कुठून आली? हाही छोटासा इतिहासच आहे, आणि तो मी नातीसमोर पाटीवर लिहावा तसा कागदावर लिहून काढला.

इंग्लंडने आधी २००४-०५ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि स्कॉटलंडसाठी वेगळ्या योजना काढल्या. तिथे लोकसंख्या घटत होती, तरुण माणसं हवी होती. २००८ मध्ये सगळ्यांसाठी दोन वर्षांची परवानगी आली. एप्रिल २०१२ मध्ये ती बंद. मधली नऊ वर्षं कोरडी. जुलै २०२१ मध्ये 'ग्रॅज्युएट रूट' नावाने पुन्हा दोन वर्षं, पीएच.डी.वाल्यांना तीन. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नियम बदलला : १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिने. पीएच.डी.ची तीन वर्षं मात्र तशीच.

इथे नातीने मान वर केली. अर्ज करायचा असतो अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर, विद्यार्थी व्हिसा संपायच्या आत, आणि इंग्लंडमध्ये राहूनच. तिचा अभ्यासक्रम संपणार २०२७ च्या सप्टेंबरात. म्हणजे तिच्या वाट्याला अठराच महिने. सल्लागाराच्या कागदावर चोवीस लिहिले होते! सहा महिन्यांचा पगार एका ओळीत हवेत गेला.

पुढे आणखी. ही परवानगी एकदाच मिळते, वाढवून मिळत नाही. या काळात नोकरी जवळपास कुठलीही चालते, मालकाच्या कागदाची गरज नाही. पण त्यानंतर राहायचं तर परवानाधारक मालक लागतो, आणि पगाराची अट असते. जुलै २०२५ मध्ये ती साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड झाली, नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना ३३,४०० पौंड. शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरायचा. यातली एकही आकडेमोड त्या चार रकान्यांत नव्हती.

जावई म्हणाले, "मग दुसरा देश बघू." बघितले. कॅनडात शिक्षणानंतर जास्तीत जास्त तीन वर्षांची परवानगी मिळते, पण नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेची अट आली, आणि काही अभ्यासक्रमांना विषयाचीही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ मध्ये बहुतेकांसाठी वयाची अट पन्नासवरून पस्तीसवर आणली. जर्मनी नोकरी शोधायला अठरा महिने देते, पण जर्मन भाषा आली पाहिजे, निदान कामापुरती. अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने 'ओपीटी', म्हणजे आपल्या विषयातलं प्रत्यक्ष काम. विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांना २००८ मध्ये त्यावर सतरा महिने वाढवून दिले, २०१६ मध्ये त्याचे चोवीस केले. पण पुढचा एच-वन-बी सोडतीवर, वर्षाला ८५,००० जागा. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. ते कुणाला लागू, कुणाला नाही, याचे खुलासे नंतर येत राहिले. मुलांनी मधल्या काळात जीव मुठीत धरला असेल.

कागद भरला तसं मला एकदम आमचं शेत आठवलं.

मंडळी, तुमच्यापैकी जे शहरातले आहेत त्यांना सांगतो. आमचा भाग नीरा डाव्या कालव्यावर आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी हा कालवा खणला. बारामतीवरून पाणी पुढे इंदापुराकडे येतं. आम्ही टेलला, म्हणजे शेपटाकडे. सात नंबरचा फॉर्म भरायचा आणि पाळीची वाट बघायची. आवर्तन किती दिवसांचं, हे शेतकरी ठरवत नाही. धरणात पाणी किती, वर किती उपसलं, वरच्या मंडळींच्या मनात काय, यावर सगळं. कधी पाळी रात्री दोन वाजता येते. कधी येते म्हणून सांगतात आणि चारी कोरडीच राहते.

माझे वडील चौथी शिकलेले. ते म्हणायचे, "पाळीच्या भरवशावर ऊस लावायचा नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानंच ऊस लावावा. पाळी ही वरकड." आडसाली ऊस लावून तोडीला यायला जवळजवळ दीड वर्ष लागतं. दीड वर्ष, म्हणजे बरोबर तेच अठरा महिने! तेवढा काळ दुसऱ्याच्या हातातल्या दारावर विसंबून कर्ज काढायचं नाही, हे त्या अडाणी माणसाला कळत होतं.

इतिहास मला हेच सांगत होता. ही दोन वर्षं, अठरा महिने, बारा महिने हा कुणाचा हक्क कधीच नव्हता आणि कुणाची मेहेरबानीही नाही. धरण भरलं, माणसं हवी झाली की दार उघडतात. तिकडे निवडणूक आली, ओरड झाली की दार खाली करतात. १९१७, १९६२, २०१२, २०२७... आकडे बदलतात, पाटकरी तोच. जो घर, जमीन, लग्न, सगळं त्या पाळीवर मांडतो त्याचा ऊस उभा वाळतो.

हे मी नातीला सांगितलं. मला वाटलं, आपण फार शहाण्यासारखं बोललो. माझी लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, आजोबा आणखीही एक म्हणायचे. पाळी आली की झोपायचं नाही."

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी मी इतकी वर्षं टाळली.

माझी लेक १९९७ साली अमेरिकेला शिकायला गेली होती. पाणी आणि सिंचन हाच तिचा विषय. विद्यापीठाने सहायकाचं काम देऊन फी माफ केली, म्हणून शाळामास्तराच्या मुलीला ते जमलं. १९९९ मध्ये पदवी मिळाली. तेव्हाही ओपीटी होतं, बारा महिन्यांचं. तिला एका ठिकाणी कामाचं विचारलंही होतं. कालव्यातलं पाणी मोजून, गळती शोधून, टेलपर्यंत समान वाटप कसं करायचं, असं काम. तिने पत्र लिहिलं : "अण्णा, एक वर्ष राहू का? जे पुस्तकात शिकले ते हाताने करून बघता येईल."

मी उलट टपाली चार पानी पत्र लिहिलं. त्यात आनंदीबाई होत्या, केतकर होते, देशाचं ऋण होतं. शेवटी लिहिलं, "शिक्षण झालं. आता परत ये." माझं अक्षर चांगलं आहे. पत्रही चांगलंच उतरलं असणार. ती आली.

आणि आल्यावर आम्ही तिला काय दिलं? सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवायचं काम. तासाला ठरलेले पैसे, तेही चार-चार महिन्यांनी. मे महिन्यात पगार नाही. दर जूनला पुन्हा मुलाखत. प्रयोगशाळेत पाणी मोजायचं एक यंत्र मागितलं तर तरतूद नाही असं उत्तर. कायम नोकरी लागली तेव्हा तिची मुलगी शाळेत जायला लागली होती. बाबासाहेबांच्या वाट्याला जे आलं त्याच्याशी याची तुलना करायचं पाप मी करणार नाही. तिला राहायला घर होतं, मान होता. पण करार मीच केला होता, आणि कराराची दुसरी बाजू माझ्या हातात नव्हती. हे मला तेव्हा ठाऊक होतं. इथल्या नोकऱ्यांची अवस्था शाळामास्तराला ठाऊक नसेल तर कुणाला?

मग मी असं का लिहिलं? देशासाठी? पंचवीस वर्षांनी खरं लिहायला हरकत नाही. मला भीती वाटत होती की एका वर्षाची दोन होतील, दोनाची दहा, आणि पोर परत यायची नाही. ती भीती मी इतिहासाचे कपडे घालून पाठवली. आनंदीबाईंच्या नावाआड लपलो. त्यांना तरी कुणी विचारलं होतं का, अजून एक वर्ष राहून काम शिकायचंय का म्हणून?

लेक मला कधी टोचून बोलली नाही. आजही विद्यार्थ्यांना घेऊन ती कालव्यावर जाते, त्यांच्याकडून मोजमाप करून घेते. त्यातली दोन-तीन मुलं जलसंपदा खात्यात लागली. ती म्हणते, "गेलं ते गेलं, अण्णा." पण तिच्या कपाटात त्या कामाचं पत्र अजून आहे. परवा नातीने कागद शोधताना ते बाहेर काढलं. मायलेकी ते वाचत बसल्या होत्या, आणि मी वर्तमानपत्र उलटं धरून बसलो होतो.

म्हणून आता माझं म्हणणं असं झालं आहे. शिक्षणानंतर त्या देशात काम करण्याचा काळ हा कर्ज फेडायचा काळ म्हणून धरू नये, आणि देशद्रोह म्हणूनही बघू नये. तो शिक्षणाचाच उरलेला अर्धा भाग आहे. बाबासाहेबांना अर्धवट सोडून यावं लागलं, तर जिवाचा आटापिटा करून ते पुन्हा गेले आणि पूर्ण करून आले. अपुरं शिकलेलं अंगी लागत नाही, हे त्यांना कळत होतं. तेवढे महिने मिळाले तर हात काळे करून घ्यावेत. नाही मिळाले तर कोसळून पडू नये, अशी आधीच तजवीज असावी.

शेवटी काय ठरलं? नातीने नवा हिशेब मांडला, तिथला एकही पौंड न धरता. परत येऊन इथल्या पगारात हप्ता बसेल एवढंच कर्ज. त्यासाठी तिने महागड्या शहरातलं विद्यापीठ सोडून स्वस्त गावातलं धरलं, आणि एका शिष्यवृत्तीला अर्ज केला आहे. जमीन तारण द्यायला मी तयार आहे, विकायला नाही. ती म्हणाली, "विकूच नका अण्णा, आपली विहीर आहे ती."

मी तिला काही अट घातली नाही. 'परत ये' म्हटलं नाही, 'राहा' म्हटलं नाही. जीभ दोनदा वळवळली, नाही असं नाही. तिने विचारलंच, "तुम्हाला काय वाटतं, अठरा महिन्यांनंतर काय करू?"

मी म्हटलं, "पत्र लिही. या वेळी मी लहान उत्तर पाठवीन."

लेक हसली. बऱ्याच वर्षांनी असं हसली.

असो. फार लांबलं. तुमच्या घरातही अशी मुलं असतील, गेलेली, जायची, आलेली. सल्लागाराच्या कागदावरची तारीख आणि नियमाची तारीख दोन्ही शेजारी ठेवून बघा, एवढं या मास्तराचं सांगणं. आणि आपण लिहिलेली जुनी पत्रं सापडली तर तीही एकदा वाचून बघा.